गुठळी, तार आणि सहा तास

पाय अचानक दुखायला लागला की आपल्याकडे पहिला संशय येतो तो वातावर, आखडलेल्या शिरेवर किंवा कमरेत दबलेल्या नसेवर. मग तेल चोळलं जातं, गरम पाण्याची पिशवी ठेवली जाते, दुखण्याची एखादी गोळी घेऊन सकाळ होण्याची वाट पाहिली जाते. बहुतेक वेळा हा संशय खराच असतो आणि सकाळपर्यंत पाय ठीकही होतो. थोड्या माणसांच्या बाबतीत मात्र त्या रात्री वेगळंच काही घडत असतं. पायाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकलेली असते आणि तिच्या खालचे स्नायू आणि मज्जातंतू रक्तावाचून मरायला लागलेले असतात. या अवस्थेवर आता मांडी न उघडता, जांघेत सुई टोचून आत नेलेल्या बारीक नळीतून उपचार करता येतात. ‘चीर नाही, टाका नाही, लवकर घरी’ अशी त्यांची ओळख करून दिली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. पाय वाचतो की जातो याचा निकाल भोकाच्या आकारावर लागत नाही. गुठळी अडकल्यापासून किती तास गेले आणि त्या पायात अजून किती जीव आहे, यावर तो लागतो. हे लक्षात घेतलं नाही, तर चांगला उपचारही चुकीच्या पायावर किंवा चुकीच्या वेळी केला जातो.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. पायातली गुठळी म्हटलं की अनेकांना नीलेतली, म्हणजे अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या शिरेतली गुठळी आठवते. लांबच्या विमानप्रवासानंतर किंवा बाळंतपणानंतर जिची भीती घातली जाते, ती हीच. तिच्यात पाय सुजतो, गरम लागतो, जड होतो, कारण रक्त आत येतं पण बाहेर जात नाही. धमनीतल्या गुठळीचं चित्र नेमकं उलट असतं. रक्त आतच येत नाही, म्हणून पाय पांढराफटक पडतो, थंडगार लागतो, पावलावरची नाडी लागत नाही, वेदना असह्य असतात. पुढे बोटांना मुंग्या येतात, मग ती बधिर होतात आणि शेवटी हलेनाशी होतात. शेवटच्या या दोन खुणांना डॉक्टर सर्वांत जास्त घाबरतात. अनेकदा बधिरपणा आला की दुखणं कमी होतं आणि घरच्यांना वाटतं, आराम पडला. खरं तर मज्जातंतूंनी हार मानायला सुरुवात केलेली असते. पूर्ण रक्तपुरवठा तुटल्यावर स्नायू आणि मज्जातंतू साधारण सहा तास तग धरतात, त्यानंतरची हानी भरून येणं अवघड होत जातं. आजूबाजूच्या छोट्या वाहिन्यांतून थोडंफार रक्त पोचत असेल, तर ही मुदत वाढते. म्हणूनच वर्षानुवर्षं धमन्या हळूहळू अरुंद होत गेलेल्या माणसाचा पाय काही वेळा जास्त काळ टिकतो, आणि काल-परवापर्यंत धडधाकट असलेल्या माणसाचा पाय काही तासांतच हातचा जातो.

गुठळी येते कुठून, यावर पुढचं बरंचसं ठरतं. एक गुठळी हृदयात तयार होते. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील, म्हणजे ॲट्रियल फिब्रिलेशन असेल, किंवा लहानपणीच्या संधिवाती तापाने डाव्या बाजूची झडप आकसली असेल, तर डाव्या कप्प्यात रक्त साकळतं. त्यातला तुकडा सुटून महाधमनीतून खाली वाहत जातो आणि जिथे धमनीला फाटा फुटतो तिथे अडकतो. बहुतेकदा ती जागा जांघेत असते. भारतात संधिवाती तापाने बिघडलेल्या झडपांचे रुग्ण अजूनही मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे चाळिशीच्या आतबाहेरच्या बाईलाही हा झटका येऊ शकतो. दुसरी गुठळी पायाच्या धमनीतच जमते. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांमुळे धमनीच्या आतल्या भिंतीवर थर साचलेला असतो. एक दिवस तो थर फाटतो आणि उरलेल्या अरुंद वाटेत रक्त गोठून ती पूर्ण बंद होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीने देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज दिला. बिडी-तंबाखूची सवय त्यात मिळवली, तर हा दुसरा प्रकार आपल्याकडे का वाढतो हे वेगळं सांगायला नको. तिसरा प्रकार आधी टाकलेल्या स्टेंटमध्ये किंवा बायपासच्या नळीत गुठळी होण्याचा.

मोठी चीर टाळण्याचा प्रयत्न साठ वर्षांहून जुना आहे. अमेरिकेत सिनसिनाटी इथे शिकत असताना थॉमस फोगार्टी यांनी एका साध्या कॅथेटरच्या टोकाला शस्त्रक्रियेच्या हातमोज्याचं बोट बांधून इवलासा फुगा तयार केला. लॅटेक्सला नळी चिकटत नव्हती, म्हणून मासे पकडण्याच्या गळाला माशी बांधताना मारतात तशा गाठी त्यांनी मारल्या. ही नळी जांघेतल्या छोट्या चिरेतून गुठळीच्या पलीकडे न्यायची, फुगा फुगवायचा आणि गुठळीसकट मागे ओढून घ्यायचा. १९६३ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी, १६ जानेवारी १९६४ रोजी, ओरेगनमधल्या पोर्टलंडला चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टने ८२ वर्षांच्या एका बाईच्या मांडीतली अरुंद धमनी तारेवरून नळ्या सरकवून रुंद केली. तिच्या बोटांना गँगरीन झालं होतं, पाय कापायचा सल्ला मिळाला होता आणि तिने तो साफ नाकारला होता. ती पुढे जगली तेवढे दिवस स्वतःच्या दोन पायांवर चालली. याच डॉटर यांनी १९७४ मध्ये गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज हे औषध थेट गुठळीत, थोड्या मात्रेत सोडण्याचे अनुभव मांडले. आजचे बहुतेक उपचार या दोन झाडांच्याच फांद्या आहेत.

आज कॅथलॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेच्या पडद्यावर बघत नळीचे उपचार करतात त्या खोलीत, काय होतं ते पाहू. बहुतेकदा बऱ्या पायाच्या जांघेत भूल देऊन सुई टोचतात. तिच्यातून तार वर, पोटातल्या महाधमनीच्या फाट्यापर्यंत नेतात आणि तिथून वळवून आजारी पायात उतरवतात. रंगद्रव्य सोडून एक्स-रे घेतला की धमनीची काळी रेघ कुठे तुटली आहे ते पडद्यावर दिसतं. मग तार गुठळीत घालून बघतात. इथे अनुभवी हाताला एक महत्त्वाची बातमी मिळते. तार सहज आरपार गेली, तर गुठळी ताजी आणि मऊ आहे, औषधाने विरघळण्याची आशा आहे. तार अडत असेल, तर गुठळी जुनी होऊन घट्ट झालेली असावी. तार पार झाली की तिच्यावरून बाजूंना बारीक छिद्रं असलेली नळी गुठळीच्या आत ठेवतात आणि अल्टेप्लेज किंवा युरोकायनेज थेंबाथेंबाने सोडतात. अल्टेप्लेजचा वेग तासाला साधारण अर्धा ते एक मिलिग्रॅम इतका कमी असतो. हे काम १२ तास चालतं, कधी २४, कधी त्याहून जास्त. तेवढा वेळ रुग्णाने आयसीयूमध्ये पाय न दुमडता उताणं पडून राहायचं असतं. नर्स ठरावीक वेळाने पावलाची नाडी डॉप्लर या ध्वनिलहरींच्या यंत्रावर ऐकते, जांघेत रक्त साकळतंय का बघते, रुग्णाला बोलतं करते आणि हात-पाय हलवायला सांगते, कारण मेंदूत रक्तस्राव झाला तर तो लगेच कळायला हवा. मधूनमधून कॅथलॅबमध्ये नेऊन पुन्हा चित्र घेतात. हे पाहिलं की ‘छोटा उपचार’ हा शब्द थोडा जपून वापरावासा वाटतो. चीर छोटी असते, पण जागता पहारा मोठा असतो.

वेळ कमी असेल तर औषधाच्या वेगावर विसंबता येत नाही. अशा वेळी गुठळी यंत्राने काढतात. एका प्रकारच्या नळीला पंप जोडून गुठळी शोषून घेतात, दुसऱ्या प्रकारात सलाइनच्या जोरदार फवाऱ्याने ती फोडून ओढून घेतात, तिसऱ्यात फिरत्या टोकाने ती तुकडे करून बाहेर काढतात. अनेकदा आधी शोषण आणि उरलेल्या चुऱ्यासाठी थोडं औषध, असा मेळ घातला जातो. या पद्धतीचा खरा फायदा गुठळी निघून गेल्यावर दिसतो. वाट मोकळी झाली की ती मुळात कुठे अरुंद होती हे पडद्यावर स्पष्ट होतं आणि त्याच बैठकीत तिथे फुग्याने अँजिओप्लास्टी करता येते किंवा स्टेंट बसवता येतो. ओढ्यात अडकलेली फांदी काढली आणि खालचा गाळ तसाच ठेवला, तर पुढच्या पावसात पाणी पुन्हा तिथेच तुंबणार, तसंच हे आहे. धमनीतल्या थरावर जमलेल्या गुठळीत, स्टेंटमध्ये बसलेल्या गुठळीत आणि पोटरीखालच्या, फोगार्टीचा फुगा जिथे नीट पोचत नाही अशा बारीक धमन्यांतल्या गुठळीत नळीच्या उपचाराचं पारडं म्हणूनच जड ठरतं. उलट, हृदयातून सुटलेली गुठळी निरोगी धमनीच्या जांघेतल्या फाट्यावर अडकली असेल, तर सर्जनने छोटी चीर देऊन फोगार्टी कॅथेटरने ती काढणं हा आजही जलद, स्वस्त आणि भरवशाचा मार्ग आहे. अशा रुग्णाला आयसीयूत दिवसभर औषधाच्या थेंबांवर ठेवण्याने फारसं काही साधत नाही.

हे कशावरून म्हणायचं? १९९० च्या दशकात नळीतून सोडलेलं औषध आणि शस्त्रक्रिया यांची तुलना करणाऱ्या तीन महत्त्वाच्या चाचण्या झाल्या. १९९४ च्या रोचेस्टर अभ्यासात ११४ रुग्ण होते. वर्षअखेर दोन्ही गटांत पाय वाचण्याचं प्रमाण सारखंच, ८२ टक्के होतं. पण औषध दिलेल्या गटातले ८४ टक्के रुग्ण जिवंत होते आणि शस्त्रक्रिया झालेल्यांतले ५८ टक्के. पाय वाचवण्यासाठी घाईघाईने केलेली मोठी शस्त्रक्रिया म्हाताऱ्या, हृदयविकाराच्या रुग्णांना सोसली नव्हती. त्याच वर्षीच्या स्टाइल चाचणीत आणखी एक गोष्ट समोर आली. लक्षणं दोन आठवड्यांच्या आतली असतील तर औषधाने पाय वाचण्याची शक्यता जास्त, त्याहून जुनी असतील तर शस्त्रक्रिया सरस. मग १९९८ ची टोपास चाचणी, ५४४ रुग्णांची. सहा महिन्यांनी पाय शाबूत ठेवून जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण युरोकायनेजच्या गटात ७१.८ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात ७४.८ टक्के, म्हणजे जवळपास सारखं. पण तोवर शस्त्रक्रियेच्या गटात ५५१ उघड्या शस्त्रक्रिया कराव्या लागल्या होत्या, औषधाच्या गटात ३१५. आणि मोठा रक्तस्राव औषधाच्या गटात १२.५ टक्के रुग्णांना झाला, दुसऱ्या गटात ५.५ टक्क्यांना.

या आकड्यांवरून एखादा सर्जन म्हणेल, पाय वाचण्याचं प्रमाण सारखंच असेल आणि रक्तस्राव दुपटीने जास्त असेल, तर नळीचा आग्रह कशाला? आक्षेप रास्त आहे आणि त्याला झटकून टाकणारी उत्तरं मला पटत नाहीत. टोपासमध्ये युरोकायनेज दिलेल्यांपैकी १.६ टक्के रुग्णांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. पाय वाचवायला गेलेल्या माणसाला पक्षाघात व्हावा, यासारखा दुर्दैवी सौदा नाही. त्यामुळे नुकताच पक्षाघात झालेला, डोक्याला मार लागलेला, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेला किंवा पोटातून रक्त जाणारा रुग्ण असेल, तर विरघळवणारं औषध देऊ नये, हा नियम आहे आणि तो कुणाच्या उत्साहापोटी वाकवू नये. मात्र चाचण्यांच्या सरासरीमागे वेगवेगळे रुग्ण दडलेले असतात, हेही खरं. रोचेस्टरमध्ये जीव वाचला तो ज्यांना मोठी भूल आणि मोठी चीर परवडणारी नव्हती त्यांचा. स्टाइलमध्ये पाय वाचला तो ताज्या गुठळीवाल्यांचा. सरसकट तुलनेत कुठलाच मार्ग जिंकत नाही, याचा अर्थ मला असा दिसतो की निवड हाच खरा उपचार आहे. शिवाय त्या चाचण्या झाल्या तेव्हा आजची शोषणयंत्रं नव्हती. ती वापरली तर औषधाची मात्रा आणि तास कमी होतात, हे तर्काला धरून आहे. त्यांचे निष्कर्षही चांगले येत आहेत. पण ते बहुतांशी शस्त्रक्रियेशी थेट तुलना न करता एकाच गटावर तपासलेले आहेत, म्हणून त्यांना अखेरचा शब्द मानायची घाई नको.

निवड कशी करतात, हे रुग्णाच्या घरच्यांनाही कळण्यासारखं आहे. डॉक्टर तीन गोष्टी तपासतात: बोटांना स्पर्श कळतो का, पाऊल आणि बोटं हलतात का, आणि डॉप्लरवर धमनीचा आवाज येतो का. स्पर्श शाबूत, हालचाल शाबूत, तर पाय सध्या धोक्याबाहेर आहे आणि नीट तपासण्या करून उपचार ठरवायला वेळ आहे. फक्त बोटं थोडी बधिर असतील, पण जोर असेल, तर पुढच्या ६ ते २४ तासांत रक्त परत पोचायला हवं. अशा पायासाठी नळीतून औषध सोडायला अवधी मिळतो. बधिरपणा बोटांच्या वर चढला असेल आणि पाऊल उचलायला जड जात असेल, तर सहा तासांच्या आत वाट मोकळी झाली पाहिजे. इथे जो मार्ग सर्वांत लवकर रक्त पोचवेल तोच योग्य, मग ती चीर असो वा शोषणाची नळी. आणि पाय पूर्ण लुळा, पूर्ण बधिर, स्नायू लाकडासारखे कडक, डॉप्लरवर धमनी आणि नीला दोन्ही मुक्या, असं असेल तर तो पाय गेलेला असतो. त्यात हट्टाने रक्त सोडलं, तर मेलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन एकदम शरीरात पसरतं. हृदय थांबू शकतं, किडन्या बंद पडू शकतात. अशा वेळी पाय काढण्याचा सल्ला देणारा डॉक्टर जीव वाचवत असतो.

उशिराची किंमत पाय वाचल्यावरही चुकवावी लागते. बराच वेळ उपाशी राहिलेल्या स्नायूंत रक्त परतलं की ते भराभर सुजतात. पोटरीतले स्नायू ज्या घट्ट पडद्यांच्या कप्प्यांत असतात, त्यांत सुजेला जागा नसते. दाब वाढतो आणि नुकतंच सुरू झालेलं रक्ताभिसरण आतूनच दाबलं जातं. मग पोटरीच्या दोन्ही बाजूंना लांब चिरा देऊन ते पडदे उघडावे लागतात. या चिरा काही दिवस उघड्या ठेवतात आणि पुढे काही जणांना त्यावर त्वचेचं कलम करावं लागतं. जांघेतल्या टोचणीपासून सुरू झालेला उपचार असा गुडघ्यापासून घोट्यापर्यंतच्या जखमेवर येऊन ठेपतो. रुग्ण वेळेत आला असता, तर बहुधा यातलं काहीच लागलं नसतं.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि अंतराचा. यंत्रं महाग, औषधं महाग, कॅथलॅब शहरांत. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या माणसाने काय करायचं? हा प्रश्न खराच आहे आणि त्याचं अर्धं उत्तर सरकारने द्यायचं आहे. पण पाय वाचवणारा पहिला उपचार महाग नाही आणि त्याला कॅथलॅबही लागत नाही. निदानाचा संशय पक्का झाला आणि रक्तस्रावाचा धोका नसला, की रक्त गोठू न देणारं हेपॅरिनचं इंजेक्शन ताबडतोब द्यायचं असतं. ते असलेली गुठळी विरघळवत नाही, पण ती वाढू देत नाही आणि बाजूच्या छोट्या वाहिन्या मोकळ्या ठेवते. पुढच्या प्रवासाचे तास त्यातून मिळतात. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरने दोन्ही पावलांची नाडी चाचपली, हेपॅरिन दिलं, पुढच्या रुग्णालयाला फोन करून रुग्ण १०८ च्या गाडीत बसवला, तर शहरातल्या महागड्या यंत्राइतकंच मोलाचं काम त्याने केलेलं असतं. आणि जिथे कॅथलॅब नाही पण चांगला सर्जन आहे, तिथे फोगार्टीचा फुगा आहेच. खर्चाच्या भीतीने निघायलाच उशीर करू नये. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून उपचार योजनेत बसतो का, ते विचारून घ्यावं.

वाट मोकळी झाली म्हणजे आजार संपला, ही समजूत सर्वांत घातक. गुठळी हृदयातून आली असेल तर तिथे दुसरी तयार होऊ शकते. संधिवाती झडपेच्या आजारासोबत अनियमित ठोके असणाऱ्या रुग्णांवर झालेल्या इन्विक्टस चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, जुनी वॉरफरिनच्या जातीची गोळी नव्या रिव्हरॉक्सबॅनपेक्षा सरस ठरली. ही गोळी घेताना दर काही आठवड्यांनी, रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा आयएनआर तपासावा लागतो. तो कंटाळवाणा आहे, पण गोळी परस्पर बंद करणं हे पुढच्या झटक्याला दिलेलं आमंत्रण आहे. धमनीच खराब असलेल्या रुग्णांसाठी २०२० च्या व्हॉयेजर चाचणीने दाखवलं की अडथळा काढल्यानंतर ॲस्पिरिनच्या जोडीला कमी मात्रेतलं रिव्हरॉक्सबॅन दिलं, तर पायाचा रक्तपुरवठा अचानक तुटण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटतं. रक्तस्राव थोडा वाढतो, म्हणून ते कुणाला द्यायचं हे डॉक्टरनेच ठरवायचं. तंबाखूबाबत मात्र असा कुठलाच हिशेब मांडावा लागत नाही. बिडी चालू ठेवून टाकलेला स्टेंट टिकेल, अशी आशा कुठल्याही डॉक्टरने रुग्णाला देऊ नये.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. पाय अचानक दुखला आणि दुसऱ्या पायापेक्षा थंड किंवा पांढरा पडला, तर चोळू नका. शेकू नका, बधिर कातडी भाजलेली कळत नाही. पाय उशीवर उंच ठेवू नका, सपाट ठेवून सैल पांघरूण घाला. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून काही खाऊ-पिऊ घालू नका. दुखणं नक्की किती वाजता सुरू झालं ते कागदावर लिहा, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या आणि जिथे व्हॅस्क्युलर सर्जन किंवा कॅथलॅब आहे अशा रुग्णालयाकडे लगेच निघा. ते फार दूर असेल तर जवळच्या रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: पावलाची नाडी लागते का?